जाळ्याचा वाटा

आमच्या वाडीतला भिकाजी निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्याच्या स्वतःच्या बायकोचंही मत त्याला मिळणार नव्हतं. हे मी थट्टेनं सांगत नाही. विमला विहिरीवर सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली होती, "मी काय करू गो? सगळ्यांवांगडा मी पण 'होय म्हाराजा' म्हटलंय." आणि घागर कमरेवर घेऊन ती चालायला लागली. आम्ही पोट धरून हसलो, पण हसून झाल्यावर गप्पही झालो, कारण 'होय म्हाराजा' आम्ही सगळ्यांनीच म्हटलं होतं.

झालं होतं ते असं. आमची खडपवाडी मालवणच्या उत्तरेला, अगदी समुद्राच्या तोंडाशी. सगळ्या वाडीची मिळून एक रापण. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडते, दोराची दोन टोकं किनाऱ्यावर येतात, आणि मग बायका, पुरुष, म्हातारे, सगळे दोराला लागतात. दोर धरला त्याला मासळीचा वाटा. मध्येच दोर सोडला त्याचा वाटा सुटला. जाळं दुसऱ्या कुणाचं वापरलं तर मासळीतला तिसरा हिस्सा जाळ्याच्या मालकाचा. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण यावरून वाडीत कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. बाकी सगळ्यावरून झाली आहेत.

त्या वर्षी पावसाळ्याआधीच्या वाऱ्यात आमचं जुनं जाळं खडकावर फाटलं. फाटलं म्हणजे चिंध्या झाल्या. नव्या जाळ्याचं सूत घ्यायची कुणाची ऐपत नव्हती, मासळीचा हंगाम तोंडावर आलेला. आणि ऐन अश्विनात एक दिवस गंगारामशेटची बैलगाडी वाडीत शिरली, तिच्यात कोरं करकरीत जाळं.

गंगारामशेट म्हणजे सुक्या मासळीचे मोठे व्यापारी. अंगात डगला, हातात छत्री, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला आपण किती थोर आहोत असं वाटावं. नवा महाराष्ट्र होऊन वर्षही झालं नव्हतं, ग्रामपंचायतीची निवडणूक लागणार होती, आणि आमच्या वाडीची आणि वरच्या आळीची मिळून जी एक जागा होती ती शेटना हवी होती. वरच्या आळीशी त्यांचं गाडीवाटेवरून जुनं वाकडं. म्हणजे उरलो आम्ही.

जाळं रवळनाथाच्या देवळापुढं ठेवलं. धोंडू तांडेल, म्हणजे आमच्या रापणीचा म्होरक्या, याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा शेट म्हणाले, "पुरुषमाणसां आज बोलतत, उद्या इसारतत. जानकीवयनीनी जाळ्याक हात लावन सांगूक व्हया."

जानकी म्हणजे माझी सासू. आम्ही तिला आये म्हणायचो. सासरे मचव्यावर तांडेलकी करत वर्षातले आठ महिने दर्यावर, घर चालवायची ती. तिचा शब्द म्हणजे काय, हे शेटना बरोबर ठाऊक होतं. एकदा बाजारात ती सुंगटं, म्हणजे कोळंबी, एका दरानं कबूल करून बसली, आणि पुढं दुप्पट देणारं गिऱ्हाईक आलं तर त्याला तिनं हाकलून लावलं होतं. मी सून म्हणून तेव्हा मनातल्या मनात तिला चार शिव्या दिल्या, तो भाग वेगळा.

तिनं जाळ्याला हात लावला. धोंडूनं गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमलेली आसत. ह्या जाळा आजपासून वाडयेचा, त्याच्यार शेटीचो हक्क नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि वाडयेची मता शेटीची, त्याच्यार दुसऱ्या कोणाचो हक्क नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या बोलण्यात जो कोण बदल करीत, त्याका तू बघून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही असे ओरडलो की देवळावरचे कावळे उडाले. सगळी वाडी होती तिथं. नव्हता तो एकटा भिकाजी. तो आंब्याच्या कलमांच्या कामाला देवगडला गेला होता.

पुढं पंधरवड्यानं फकरुद्दीन आला. हा आमचा मासळीचा गिऱ्हाईक, शेजारच्या गावचा. आमची मासळी बैलगाडीत भरून तो कसालच्या बाजारात नेई. त्यानं बातमी आणली ती ऐकून माझ्या हातातली पाटीच खाली पडली. शेटनी कचेरीत अर्ज घातला होता. आमची पुळण, म्हणजे वाडीपुढचा सगळा वाळूचा पट्टा, त्यांना मासळी खारवायच्या कारखान्यासाठी हवी होती. कुंपण घालून. पंचायतीचा ठराव झाला की काम फत्ते.

"आणि आमी रापण खंय ओढूची?" धोंडूनं विचारलं.

"आभाळात," फकरुद्दीन म्हणाला.

तेव्हा भिकाजी उभा राहिला. उभा राहिला म्हणजे काय, तालुक्याला जाऊन अर्ज भरून आला. त्याला निशाणी कंदिलाची मिळाली, शेटना माडाची. भाषण त्याला येत नव्हतं. दारोदार जाऊन तो एवढंच म्हणे, "पुळण सगळ्यांची आसा. माका मत देवा." लोक म्हणत, "खरा रे बाबा." आणि दार लावून घेत.

मी आयेला म्हटलं, "आये, पडद्याच्या मागे जावन चिठी टाकूची. माडाच्या पेटयेत टाकली काय कंदिलाच्या, कोण बघता?"

"देव बघता," ती म्हणाली.

"पुळण गेली तर तू मासळी खंय सुकवतलंस?"

तिनं सुकलेली मासळी पाटीत भरायला घेतली. ज्या वाळूवर ती लग्न होऊन आल्या दिवसापासून मासळी सुकवत होती, जिच्यावर आमच्या घराची चूल पेटत होती, ती वाळू ती स्वतःच्या हातानं घालवणार होती. कारण जाळ्याला हात लावून तिनं शब्द दिला होता. मला तिचा असा संताप आला की दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. शेटचा तर काय, नावच काढू नये. मनुष्य काही चोरत नव्हता, दमदाटी करत नव्हता. फाटक्या घरात जाळं घेऊन आला आणि आमची जीभ विकत घेऊन गेला.

मतदानाचा दिवस उजाडला. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, हवा कोरडी, समुद्र तेलासारखा शांत. शेटनी आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या बैलगाड्या पाठवल्या होत्या. शाळेपाशी पोहे, चहा, विड्या. आम्ही बायका जेवणं उरकून, धुवट लुगडी नेसून, केसांत अबोली माळून गाडीत चढायच्या तयारीत. आये एका कोपऱ्यात उभी, चेहरा असा की जणू सुतकाला निघाली आहे.

आणि तेवढ्यात खडकावरून धोंडूची बोंब आली. "बांगडोऽऽ! बांगडो इलो रेऽऽ!"

मी पळत जाऊन पाहिलं. देवा रे! खाडीच्या तोंडापासून खडकापर्यंत पाणी काळं-निळं झालं होतं, वर पक्षी झडप घालत होते, आणि मध्येच सगळं पाणी शिजत्या भातासारखं खदखदत होतं. सबंध हंगामात त्या नव्या जाळ्याला जेमतेम रोजच्यापुरती मासळी लागली होती. हे तर वर्षाचं पोट होतं! गाडीवाला ओरडतोय, "अगो मत, मत!" आणि आमच्या अबोल्या वाऱ्यावर. लुगडी खोचून सगळ्या धावत सुटलो. होडी निघाली, जाळं पडलं, दोर किनाऱ्याला आले.

"हैऽया! हैऽया!" दोर भिजून दगडासारखा जड झालेला. कंबर मोडत होती आणि आम्ही हसत होतो. फकरुद्दीन मासळी घ्यायला आला होता, त्यानंही गाडी सोडून दोर धरला. भिकाजी शाळेपाशी एकटा उभा होता म्हणे, तोही न राहवून धावत आला आणि विमलेच्या मागं दोराला लागला. त्याला वाटलं असेल, मत नाही तर नाही, निदान वाटा तरी मिळेल.

शेटच्या बैलगाड्या रिकाम्या परत गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा रिकाम्या गेल्या. इकडं शाळेपाशी वरच्या आळीचे लोक मतं टाकून मोकळे झाले होते, आणि सगळी शेटच्या विरुद्ध. वर ते शेटना डिवचत होते म्हणे, "शेटानू, तुमची वाडी खंय गेली?" सूर्य कलायला लागला. पाच वाजता मतदान बंद.

मग शेट स्वतः आले. छत्री मिटलेली, धोतराचा सोगा हातात, वहाणा वाळूत रुतताहेत, तोंड लाल.

"अरे ह्यां काय चल्लाहा! सोडा तो दोर! आधी मत, मग मासळी!"

"शेटानू, आता सोडलो तर सगळी मासळी जातली," धोंडू धापा टाकत म्हणाला. "जाळा जवळ इला. वायच थांबा."

"वायच काय वायच? पाच वाजतत!"

"हैऽया!" आम्ही ओढत राहिलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी आम्हांला शेट दिसतही नव्हते. जाळ्याचा मधला भाग वर यायला लागला होता, पाण्याखाली चांदी सळसळत होती. अशा वेळी प्रत्यक्ष कलेक्टर आला असता तरी त्याला आम्ही दोरच धरायला लावला असता.

शेटनी धोंडूचा हात धरून ओढला. धोंडूनं तो झटकला. झटकताना शेटची टोपी वाळूत पडली, आणि कुणीतरी हसलं. मीच हसले. मग मात्र त्या गोड माणसाच्या तोंडचा सगळा गूळ गळून पडला.

"माजलात!" ते किंचाळले. "कोणाच्या जीवार माजलात रे? जाळा कोणाचा? माजा! माज्या जाळ्यार उड्या मारतत आणि माकाच थांबूक सांगतत? सोडा माजा जाळा, नायतर कोयत्यान कापून टाकतंय!"

दोर थांबला. "हैया" थांबलं.

आये सगळ्यांत पुढं होती, गुडघाभर पाण्यात, दोर कमरेला वेढलेला. ती हळूच वळली. केस सुटलेले, तोंडावर खारं पाणी.

"शेटानू," ती म्हणाली, "काय म्हटलास? परत सांगा."

शहाणा माणूस तिथं गप्प बसला असता. पण ज्यानं विकत घेतलेलं असतं त्याला ते आपलंच वाटतं, आणि राग आला की तो ते बोलून दाखवतो. शेटनी देवळाकडं हात केला. "परत सांगतंय! रवळनाथासमोर सांगतंय! जाळा माजा आसा, तुमी माज्या जाळ्यार जगतात!"

"मी आयकलंय," फकरुद्दीन मागून शांतपणे म्हणाला. "माका हयसर मत नाय. माजा कोणाशी देणाघेणा नाय. पण मी आयकलंय."

आयेचा चेहरा बदलला तो मी जन्मभर विसरणार नाही. महिनाभर तोंडावर जे मळभ होतं ते एका झटक्यात गेलं. तिनं मान वर केली आणि अशी आरोळी ठोकली की मी दचकले.

"बा देवा म्हाराजाऽ! जाळा शेटीचा रे म्हाराजा!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग विमलेला कळलं. सगळ्यांत आधी तिलाच कळलं, तिला गरजही सगळ्यांत जास्त होती.

"होय म्हाराजा!" ती एकटीच ओरडली.

"आणि वाडयेची मता वाडयेची रे म्हाराजा!"

"होय म्हाराजाऽऽ!" आता सगळी पुळण ओरडली. मी तर उड्या मारत होते. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोर सोडायचा नाही म्हणून डोळेही पुसता येत नव्हते.

शेटच्या लक्षात आलं. "अगो वयनी, रागान बोललंय मी! जाळा तुमचाच!"

"रागान बोललास म्हणानच खरा बोललास," आये म्हणाली. "ओढा रे!"

"हैऽया!" जाळं वाळूवर आलं. बांगडा असा उसळला की आमचे पाय दिसेनात. पण धोंडूच्या मनात अजून खुटखुट होती. तो आयेच्या कानाशी येऊन म्हणाला, "काकी, शपथ मोडल्यासारखा नाय मां जावचा?"

"बदल कोणी केलो? शेटीन. जाळा त्येंचा, तर आमी त्येंचो वाटो देव लागतंव. तो दिलो की फिटला. तिसरो हिस्सो काढ."

हिस्सा काढला. पाट्यांवर पाट्या शेटच्या पुढ्यात ओतल्या. सगळ्यांना वाटलं, झालं. आये म्हणाली, "अजून घाल. अश्विनापासून ह्याच जाळ्यान ओढलंव. तेवाच्या मासळयेचोव वाटो ह्याच्यातच."

"काकी!" धोंडू कळवळला. लोकही कुरकुरले. वर्षाचं पोट आणि त्यातलं अर्धं उचलून त्या माणसाच्या पायाशी ओतायचं! मीही म्हटलं, "आये, पुरे गो."

"अर्ध्यान पोट भरात," ती म्हणाली. "पण आज एक बांगडो जरी त्येंचो रवलो, तर उद्या पुळण त्येंची."

धोंडूनं पुन्हा पाटी उचलली. शेवटची पाटी तिनं स्वतः ओतली. शेट माशांच्या ढिगामागं उभे होते, टोपी हातात, आणि वहाणेवर एक बांगडा तडफडत होता.

"जाळ्याचो वाटो इलो. मिळालो म्हणा," आये म्हणाली.

शेटनी तोंड फिरवलं. फकरुद्दीन म्हणाला, "मी बघलंय. मिळालो."

आणि मग आम्ही धावलो. शाळा टेकडीवर, वाट चिऱ्यांची, पाय वाळूचे, लुगडी ओली, हाताला खवले चिकटलेले. मासळीची राखण फकरुद्दीनवर सोडली आणि सगळी वाडी धावली. म्हातारी माणसं त्याच बैलगाड्यांत कोंबली, आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या, शेटच्या! गाडीवान बिचारा नाही तरी कुणाला म्हणणार? वरच्या आळीच्या वळणावर लोक बघायला उभे राहिले. धोंडू ओरडत होता, "चला गो, चला! वाजतत!"

आम्ही शाळेच्या अंगणात शिरलो आणि आत घंटा झाली. कारकून दाराशी येऊन म्हणाला, "वेळ संपली. पण जे रांगेत आहेत त्यांना मत देता येईल." रांग? त्यानं वाक्य पुरं करायच्या आत आम्ही एकमेकांच्या कमरा धरून दोराला लागल्यासारख्या उभ्या राहिलो.

टेबलामागच्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "बाई, हात पुसा. मतपत्रिका ओली होईल."

आयेनं हात पदराला पुसले. पदरही तसलाच. बोटाला शाई लावून घेतली, चिठ्ठी घेतली आणि पडद्यामागं गेली. मी तिच्या मागोमाग होते. पडद्यामागं दोन पेट्या, एकीवर माड, एकीवर कंदील. तिनं कुठं टाकली मला दिसलं नाही. ती बाहेर आली तेव्हा मात्र मला तिच्याकडं बघूनच सगळं कळलं. सुतकी चेहरा कुठल्या कुठं गेला होता. आणि विमला? ती पडद्यामागून बाहेर आली ती पदर तोंडाला लावून, लाजत, नव्या नवरीसारखी.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. माडाची पेटी उघडली, चारदोन चिठ्ठ्या निघाल्या. कंदिलाची पेटी उघडली आणि बांगड्याचा असा वास सुटला की मोजणारा कारकून खुर्ची मागं सरकवून उठला. मोजायच्या आधीच सगळ्यांना निकाल समजला.

त्याच संध्याकाळी आयेनं ते जाळं गोड्या पाण्यानं धुवून घेतलं, सुकवलं, घडी केली आणि शेटच्या दारात नेऊन ठेवलं. उरलेला हंगाम आम्ही जुन्या जाळ्याच्या चिंध्या जोडून ओढला. मासळी निम्मी सुटून जायची. पुष्कळ दिवस पेजेवर काढले. कुणी म्हणेल, काय मिळवलंत? म्हणू दे. त्याला पुळणीवर आणून उभा करीन.

निवडून आल्यावर चार दिवसांनी भिकाजी पेढे घेऊन आमच्या दारात आला. मालवणच्या बाजारातून आणलेले, वर केशराची काडी असलेले. माझा हात ताटापर्यंत गेलासुद्धा.

"ठेव गो तो," आये म्हणाली.

भिकाजी हिरमुसला. "कित्या काकी? आनंदान हाडलंय."

"आता खाल्लंय तर उद्या तुका बोलूक माजा तोंड उघडूचा नाय. ठराव झालो?"

"अजून बैठकच झाली नाय."

"मग जा."

तो गेला. पेढे घेऊन गेला, हे मला जास्त लागलं.

शिमग्याच्या आधी पंचायतीत ठराव झाला. पुळण कुणालाही द्यायची नाही, रापणीसाठी मोकळी ठेवायची. भिकाजी धावत आला, मात्र या वेळी हात रिकामे. बिचारा घाबरला होता. आये वाळूवर मासळी पसरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, शेवटचा बांगडा उलटा केला आणि हात झटकून उठली.

"पेढे खंय?" तिनं विचारलं.

"काकी, तूच तर नको म्हटलंस!"

"तेवा तू दी होतंस तां जाळा होता," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढं खारट, खवल्यांनी भरलेला हात पसरला. "आता दी. आता तो पेढो आसा."